एडिसन ते डिस्ने वर्ल्ड, आरव्हीतून: रस्त्याच्या आधी ठरवायच्या गोष्टी

तुमचा बेत वाचला. नाताळच्या सुट्टीत न्यूजर्सीतल्या एडिसनहून ३० फुटी आरव्ही, म्हणजे झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेली मोठी गाडी, भाड्यानं घ्यायची, तुम्ही दोघं, आठ आणि पाच वर्षांची मुलं आणि पुण्याहून आलेले आई-बाबा अशा सहा जणांनी ऑर्लँडो गाठायचं, चार दिवस डिस्ने वर्ल्ड आणि मग परत. रस्ता कुठला, कॅम्पग्राउंड (आरव्ही लावून राहायची जागा) कुठलं आणि घरचा स्वयंपाक जमेल का, असे तीन प्रश्न तुम्ही विचारलेत. आम्ही बरीच वर्षं आरव्हीतून फिरतो आहोत, फ्लोरिडालाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी एवढं ठरवा, की आरव्ही प्रवासासाठी हवी आहे की मुक्कामासाठी? यलोस्टोनकडे निघालात तर वाटेतला मुक्काम हीच निम्मी सहल असते. डिस्नेचं तसं नाही. तिथे पोचलात की आरव्ही चार दिवस एका जागी उभी, आणि तुम्ही सकाळपासून रात्रीपर्यंत पार्कात. थोडक्यात, ती तुमची चाकांवरची खोली आणि स्वयंपाकघर. तेवढ्यासाठी ते धूड न्यूजर्सीहून हाकत न्यायची काहीच गरज नाही. माझं स्पष्ट मत: ऑर्लँडोला पोचा आणि आरव्ही तिथे घ्या.

हिशेब करून बघा. एडिसन ते ऑर्लँडो हजार मैलांच्या वरच भरतं. कारनं लोक दोन दिवसांत जातात. आरव्हीत मुलं, आजी-आजोबा आणि थांबे धरून तीन दिवस लागतात, म्हणजे जाऊन-येऊन सहा. शाळेची सुट्टी असते जेमतेम नऊ-दहा दिवसांची. एवढ्या मोठ्या आरव्हीला गॅलनमागे आठ ते दहा मैल मिळाले तर नशीब, म्हणजे दोन्ही वेळचं मिळून दोनशेहून जास्त गॅलन पेट्रोल. शिवाय बहुतेक ठिकाणी भाड्यात ठरावीक मैल धरलेले असतात, वरच्या प्रत्येक मैलाचे पैसे वेगळे. विमानाच्या सहा तिकिटांशी तुलना करताना हे सगळं धरा.

त्यात डिसेंबर. उत्तरेकडच्या आरव्ही थंडीत 'विंटराइझ' केलेल्या असतात. पाइप गोठून फुटू नयेत म्हणून त्यातलं पाणी काढून गुलाबी अँटीफ्रीझ (न गोठणारं द्रव) भरलेलं असतं. म्हणजे जर्सीहून निघताना नळाला पाणी नाही, शॉवर बंद, आणि टॉयलेट बाटलीतलं पाणी ओतून चालवायचं. दक्षिणेत थंडी ओसरली की पाइप धुऊन पाणी भरायचं, आणि परत येताना हाच उद्योग उलटा. वाटेतली बरीच कॅम्पग्राउंड हिवाळ्यात बंद असतात हे आणखी वेगळं. पहिल्या रात्री व्हर्जिनियात हात धुवायला पाण्याचा कॅन शोधत बसलेल्या आई-बाबांना डिस्नेचं कौतुक कसं वाटणार?

तरीही आरव्ही इथूनच न्यायची असेल तर बाल्टिमोरला सावध राहा. आय-९५ महामार्गावरचा फोर्ट मॅकहेन्री बोगदा आणि आय-८९५ वरचा हार्बर बोगदा, दोन्हीकडे १० पौंडांपेक्षा मोठा प्रोपेनचा (स्वयंपाकाच्या गॅसचा) सिलिंडर असलेल्या गाड्यांना बंदी आहे. आरव्हीची टाकी त्याहून मोठीच असते. पूर्वी लोक पूर्वेकडून की ब्रिजवरून जायचे, पण तो पूल मार्च २०२४ मध्ये जहाज धडकून कोसळला. त्यामुळे आता शहराला पश्चिमेकडून वळसा घालणारा आय-६९५. साधा जीपीएस तुम्हाला थेट बोगद्याच्या तोंडाशी नेऊन उभं करेल, म्हणून आरव्हीची उंची आणि प्रोपेन सांगता येईल असं ॲप वापरा. आणि व्हर्जिनियातल्या फ्रेडरिक्सबर्गजवळचा आय-९५ चा पट्टा हवामान बघूनच पार करा. जानेवारी २०२२ मध्ये तिथे बर्फात लोक चोवीस तासांहून जास्त अडकले होते. (त्या रात्री आरव्हीवाले मात्र मजेत असणार, हे मान्य.)

मला विचाराल तर तुमच्यासाठी सगळ्यात सोयीची ऑटो ट्रेन. ॲमट्रॅक या रेल्वे कंपनीची ही गाडी व्हर्जिनियातल्या लॉर्टनहून संध्याकाळी सुटते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ऑर्लँडोजवळच्या सॅनफर्डला पोचते. तुमची कार मागच्या डब्यात, तुम्ही पुढे. आरव्ही तिच्यावर चढत नाही, पण कारमध्ये कुकर, पिठं, मसाले, आईंच्या गोळ्यांची पिशवी, मुलांच्या सीट असं सगळं राहतं आणि विमानतळावर वजनाचा घोळ नाही. सॅनफर्डला उतरा, वाटेत वाणसामान भरा आणि आरव्ही ताब्यात घ्या. कार हाताशी असल्याचा फायदा पुढे कळेलच. नाताळात तिचीही तिकिटं महाग असतात आणि लवकर संपतात.

आता मुक्काम. डिस्नेचं स्वतःचं कॅम्पग्राउंड आहे, फोर्ट विल्डर्नेस. डिस्ने वर्ल्ड उघडलं त्याच वर्षी, नोव्हेंबर १९७१ मध्ये सुरू झालेलं, साडेसातशे एकरांचं पाइनचं जंगल. एका साइटवर, म्हणजे आरव्ही लावायच्या एका जागेवर, दहा माणसांना परवानगी असल्यामुळे आपल्यासारख्या तीन पिढ्यांच्या कुटुंबाला ते फार सोयीचं पडतं. हॉटेलात सहा जणांना बहुधा दोन खोल्या घ्याव्या लागतात. प्रत्येक साइटवर वीज आणि पाणी, आरव्हीच्या साइटवर सांडपाण्याची जोडणी, लाकडी टेबल आणि कोळशाची शेगडी. आरव्हीशेजारी एक कार लावता येते. नाताळात लोक आपापल्या साइटवर दिव्यांच्या माळा लावतात. रात्री जेवून त्या लूपमधून (साइटमधल्या वळणाच्या रस्त्यावरून) एक चक्कर मारा, मुलांना वेगळी राइड लागणार नाही.

पण इथली वाहतूक नीट समजून घ्या. मॅजिक किंगडम या पार्काला थेट बोट जाते, कॅम्पग्राउंडमधल्या सेटलमेंट भागातल्या धक्क्यावरून, आणि ती फेरी आई-बाबांना नक्की आवडेल. डिस्ने वर्ल्डच्या बाकीच्या पार्कांना बस, आणि ती सुटते आउटपोस्ट नावाच्या थांब्याहून. तुमच्या साइटपासून तिथपर्यंत आधी आतली बस. म्हणजे झोपलेलं पोर खांद्यावर, घडी केलेली स्ट्रोलर हातात आणि रात्री दहाला दोन बस. म्हणून दोन गोष्टी करा. प्रिफर्ड प्रकारची साइट मिळत असेल तर तीच घ्या, ती धक्क्याजवळच्या लूपमध्ये असते. आणि बाकीच्या पार्कांना सरळ कारनं जा, डिस्नेच्या मुक्कामी पाहुण्यांना पार्कचं पार्किंग फुकट असतं. गोल्फ कार्टही भाड्यानं मिळते, पण नाताळातल्या कार्ट वर्षभर आधीच आरक्षित होतात, त्यामुळे तिच्यावर विसंबू नका.

फोर्ट विल्डर्नेस मिळालं नाही तर शेजारच्या किसिमी गावात यूएस-१९२ रस्त्याच्या आजूबाजूला कॅम्पग्राउंड पुष्कळ आहेत आणि बरीच स्वस्त. मात्र तिथे कार हवीच. नाहीतर रोज सकाळी पाण्याचा पाइप काढा, वीज काढा, सांडपाण्याची नळी धुऊन गुंडाळा, आरव्हीची बाहेर सरकवलेली भिंत आत ओढा, ओट्यावरचं सगळं कपाटात कोंबा, आणि पार्कात कारपेक्षा जास्त पार्किंग भरून आरव्ही लावा. दुसऱ्या दिवशी कोणी उठणार नाही.

स्वयंपाकाचा प्रश्न मला सगळ्यात आवडला, कारण आरव्ही घेण्याचं खरं कारण तेच आहे. ३० फुटी आरव्हीला बहुधा ३० अँपिअरची जोडणी असते. १२० व्होल्टवर म्हणजे झाले ३६०० वॉट. ऑर्लँडोत डिसेंबरच्या रात्री गारठा पडू शकतो. तुम्ही १५०० वॉटचा हीटर लावलात, आईंनी मायक्रोवेव्हमध्ये दूध ठेवलं आणि कोणी इन्स्टंट पॉट (विजेचा कुकर) चालू केला, की गेली वीज. एका वेळी एकच मोठं यंत्र, हा नियम पहिल्याच दिवशी घरात जाहीर करा. खरी युक्ती वेगळीच आहे. साइटवरच्या विजेच्या खांबावर ३० आणि ५० च्या जोडणीशेजारी २० अँपिअरचं एक वेगळं सॉकेट असतं. त्यावर जाड, आखूड एक्स्टेंशन लावून बाहेरच्या टेबलावर इंडक्शन ठेवा. आतली वीज शाबूत राहते आणि फोडणी बाहेर होते.

फोडणी बाहेरच करा, हे कळकळीनं सांगतो. आतला गॅस चालतो, पण बर्नर इतके जवळजवळ की आपली मोठी कढई बसतच नाही, आणि मिरची-मोहरी तडतडली की धुराचा अलार्म कोकलतो. आत करायचंच तर पंखा, छतावरची खिडकी आणि बाजूची खिडकी, तिन्ही उघडा. तीन लिटरचा कुकर पुरतो. सिंक बहुतेक पांढरं असतं, हळद बसली की डिपॉझिट परत घेताना ऐकून घ्यावं लागतं. ताटं आधी कागदानं पुसा, मग धुवा, आणि जाळी लावून भाताची शितं अडवा. ती टाकीत गेली की दोन दिवसांत असा वास सुटतो की बाहेर झोपावंसं वाटतं.

पार्कात बाहेरचं खाणं न्यायला परवानगी आहे. काचेची भांडी, दारू आणि सुटा बर्फ मात्र चालत नाही. दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, लसणाची चटणी, मुलांना जॅम-पोळीची गुंडाळी. आई शाकाहारी आहेत म्हणालात, तर दुपारी रांगेत उभं राहून 'यात काय काय आहे' विचारत बसण्यापेक्षा हे बरं.

टाक्यांबद्दल थोडक्यात, कारण नवख्यांची फजिती इथेच होते. संडासाच्या काळ्या टाकीचा व्हॉल्व्ह बंदच ठेवा. जोडणी आहे म्हणून उघडा ठेवलात तर पाणी निघून जातं आणि बाकीचं तळाशी थापून बसतं. दोन-तृतीयांश भरली की आधी काळी रिकामी करा, मग सिंक-शॉवरची करडी, म्हणजे त्या पाण्यानं नळी धुतली जाते. हातमोजे घाला. संडासात पाणी सढळ सोडा, कागद आरव्हीचाच वापरा, आणि ओले वाइप्स टाकू नका असं बाबांनाही सांगून ठेवा. आंघोळीला पाण्याच्या हीटरमध्ये बहुधा सहाच गॅलन, म्हणजे जेमतेम एक बादली गरम पाणी. सहा जणांची रांग लावू नका. लूपमध्ये कम्फर्ट स्टेशन (सार्वजनिक स्नानगृहं) आहेत, तिथे मोठे शॉवर, गरम पाणी आणि कपडे धुण्याची मशिनंही.

आई-बाबांच्या झोपण्याचंही बघा. ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या पलंगाला शिडी असते, ती मुलांची जागा. मागचा पलंग आई-बाबांना द्या आणि तुम्ही दोघं जेवणाच्या टेबलाचा पलंग करून झोपा. चार रात्री निघतात. पाठीचा त्रास असेल तर फोर्ट विल्डर्नेसमध्येच केबिन आहेत, जुलै २०२४ मध्ये नव्यानं उघडलेल्या, स्वयंपाकघरासह सहा जणांच्या. महाग आहेत. पण कागद-पेन्सिल घेऊन आरव्हीचं भाडं, विमा, पेट्रोल आणि साइट यांची बेरीज एकदा करून बघा. फरक वाटतो तेवढा राहत नाही, आणि टाकी धुवावी लागत नाही.

आरव्हीच घेणार असाल तर विमा भाड्यानं देणाऱ्याकडूनच घ्या. आपला कारचा विमा आणि क्रेडिट कार्डाचं संरक्षण बहुधा मोटरहोमला लागू नसतं. मुलांच्या सीट फक्त पुढे तोंड असलेल्या, पट्ट्याच्या आसनावर बसतात, आडव्या सोफ्यावर नाही. मालकाकडून त्या आसनाचा फोटो मागवा. आरव्ही साइटवर आणून लावून देणारेही आहेत, पण फोर्ट विल्डर्नेसचे त्याबाबतचे सध्याचे नियम आधी फोन करून विचारा.

तारखांबद्दल एवढंच, की २५ ते ३१ डिसेंबर ही तिथली सगळ्यात गर्दीची वेळ. मुलांची चार दिवस शाळा बुडवायची तयारी असेल तर डिसेंबरचा पहिला पंधरवडा गाठा. नाताळातच जायचं तर मुक्कामी पाहुण्यांना प्रत्येक पार्कात अर्धा तास आधी प्रवेश मिळतो, तो सोडू नका. लाइटनिंग लेनचं (पैसे भरून मिळणाऱ्या छोट्या रांगेचं) आरक्षणही त्यांना सात दिवस आधी करता येतं, बाहेरच्यांना तीन दिवस आधी. आरक्षणाचा क्रम असा ठेवा: आधी साइट, मग आरव्ही, शेवटी ऑटो ट्रेन किंवा विमान. साइट आज दिसत नसली तरी रोज सकाळी बघत राहा, रद्द झालेल्या जागा अधूनमधून परत येतात. तारखा पक्क्या झाल्या आणि लूपचा नंबर कळला की सांगा, आई-बाबांना धक्क्यापर्यंत किती चालावं लागेल ते नकाशा बघून कळवतो.