बाहेरच्या मॉनिटरचा ब्राइटनेस लिनक्समधून खरोखर कमी कसा करावा

एचडीएमआय केबलने जोडलेल्या मॉनिटरसाठी ब्राइटनेसची पट्टी दिसत नाही, आणि एक्सरँडर या पडद्याची मांडणी बदलणाऱ्या कमांडमधील ब्राइटनेसचा पर्याय वापरला तर चित्र मळकट होते पण डोळ्यांचा त्रास तसाच राहतो, असे आपण लिहिले आहे. तसे होणारच, कारण तो पर्याय मॉनिटरच्या दिव्याला हातही लावत नाही. ग्राफिक्स कार्डातील गॅमा तक्ता, म्हणजे कोणता रंग किती उजळ पाठवायचा याची यादी, बदलून तो केवळ रंगांच्या किमती खाली आणतो. मागचा दिवा पूर्वीइतकाच प्रखर राहतो, म्हणून काळा भाग करडाच दिसतो.

लॅपटॉपच्या पडद्याचा दिवा कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, ताब्यात असतो. बाहेरच्या मॉनिटरचा दिवा मात्र मॉनिटरमधील स्वतंत्र नियंत्रक सांभाळतो, आणि त्याच्याशी बोलण्यासाठी पडद्यांची मानके ठरवणाऱ्या व्हेसा संस्थेने १९९८ मध्ये डीडीसी-सीआय हे मानक आणले. एचडीएमआय केबलमध्ये चित्राच्या तारांसोबत आयटूसी या छोट्या संदेशांच्या मार्गाच्या (अशा मार्गाला ‘बस’ म्हणतात) संथ तारा असतात. मॉनिटर ज्या वाटेने आपली ओळख संगणकाला कळवतो, त्याच वाटेने ब्राइटनेसचा हुकूमही पाठवता येतो.

यासाठी डीडीसीयूटिल (ddcutil) हे टर्मिनलमधून चालणारे साधन मला सर्वांत भरवशाचे वाटते. आधी मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूत डीडीसी-सीआय चालू आहे ना, हे पाहावे. मी एकदा हे न पाहता संपूर्ण संध्याकाळ कर्नलची मॉड्यूल, म्हणजे त्याला जोडले जाणारे भाग, तपासण्यात घालवली होती. त्यानंतर आयटूसीच्या तारा प्रोग्रामना खुल्या करणारे आयटूसी-डेव्ह (i2c-dev) मॉड्यूल लोड करून डीडीसीयूटिलची ‘डिटेक्ट’ (detect) ही उपकमांड चालवावी. मॉनिटर सापडला की ‘गेटव्हीसीपी १०’ (getvcp 10) ने सध्याची किंमत कळते आणि ‘सेटव्हीसीपी १० ३०’ (setvcp 10 30) ने ब्राइटनेस ३० वर येतो. यातला १० हा ब्राइटनेसचा सोळा-आधारी संकेतांक आहे, कॉन्ट्रास्टचा १२.

दरवेळी सुडो, म्हणजे रूट या सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या नावे कमांड चालवण्याची सोय, वापरू नये, ही माझी आग्रहाची विनंती आहे. दिवा मंद करण्यासाठी रूटचे सर्वाधिकार देणे योग्य नाही, आणि कीबोर्डच्या शॉर्टकटवर ही कमांड बसवायची तर पासवर्डचा अडथळा येतोच. युडेव्ह या उपकरणांच्या परवानग्या सांभाळणाऱ्या व्यवस्थेत नियम लावून आयटूसी गटाला त्या उपकरणांवर वाचण्या-लिहिण्याची परवानगी द्यावी आणि स्वतःला त्या गटात घालून पुन्हा लॉगिन करावे.

कमांड रेंगाळत असेल, तर ‘बस’ (--bus) या पर्यायाने मॉनिटरच्या आयटूसी बसचा क्रमांक थेट द्यावा, म्हणजे प्रत्येक वेळी सर्व बस धुंडाळल्या जात नाहीत. थोडा विलंब तरीही राहील, कारण मानकानेच संदेशांमध्ये ४० ते ५० मिलिसेकंदांची विश्रांती ठरवून दिली आहे. म्हणून पट्टी सरकवताना प्रत्येक टप्प्याला हुकूम न पाठवता हात थांबल्यावर एकदाच पाठवावा.

डीडीसीसीआय नावाचे कर्नल मॉड्यूलही आहे, त्याने बाहेरचा मॉनिटर लॅपटॉपच्या पडद्यासारखा बॅकलाइट वर्गात, म्हणजे कर्नलच्या ताब्यातील दिव्यांच्या यादीत, दिसू लागतो. परंतु ते मुख्य कर्नलच्या बाहेरचे असल्याने कर्नल बदलला की पुन्हा बांधावे लागते, म्हणून मी ते वापरत नाही. आपला मॉनिटर डॉक किंवा केव्हीएम स्विच (एकच पडदा व कीबोर्ड अनेक संगणकांना जोडणारे उपकरण) यातून जोडलेला असेल आणि ‘डिटेक्ट’ला काहीच सापडत नसेल, तर तो एकदा थेट ग्राफिक्स कार्डाला जोडून पाहावा, कारण अशी मधली उपकरणे चित्र पुढे पाठवतात पण हे संदेश कित्येकदा अडवतात.