खानदेशातल्या मिशन बंगल्यातलं म्हातारं परदेशी जोडपं आठवडाभर करायचं काय?

तुम्ही विचारलंय की पन्नासेक वर्षांपूर्वी नंदुरबार-नवापूरकडे जी वयस्कर गोरी मिशनरी जोडपी राहायची, त्यांचा आठवडा कसा जायचा आणि ती रोज उठून धर्मप्रचारच करायची का. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. नाही. प्रचाराला त्यांना फारसा वेळच उरत नसे.

माझे वडील मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. आम्ही कंपाउंडातल्या क्वार्टरमध्येच वाढलो आणि कॉलेजात असताना साहेबांची मराठी पत्रं मी लिहून द्यायचो, म्हणून हे जवळून पाहिलंय. मिशन कुठलं, गाव कुठलं हे मुद्दाम सांगत नाही. आमच्याकडे तेवढ्यावरून माणूस ओळखतात. काळ १९७२च्या दुष्काळाच्या मागचा-पुढचा. साहेब आणि मडमबाई, दोघंही साठीला आलेली. मुलं कोडाईकनालच्या शाळेत शिकून कधीच मायदेशी निघून गेलेली.

एक गैरसमज आधी दूर करतो. हल्ली काही चर्च निवृत्त जोडप्यांना ठरावीक मुदतीसाठी परदेशी सेवेला पाठवतात. अमेरिकेतल्या मॉर्मन लोकांत तर अशी जोडपी सहा महिन्यांपासून तेवीस महिन्यांपर्यंत जातात, तेही स्वखर्चाने. आमच्याकडची माणसं त्यातली नव्हती. ती ऐन तिशीत आली आणि इथेच म्हातारी झाली. खानदेशात स्कँडिनेव्हियन मुळाच्या मिशनांचं काम जुनं. फ्रेडरिक फ्रॅन्सन नावाच्या स्वीडिश-अमेरिकन प्रचारकाने १८९० मध्ये अमेरिकेत जे मिशन सुरू केलं, त्याची माणसं पश्चिम खानदेशात आली, स्वीडनहूनही आली. नंदुरबारचं एस. ए. मिशन हायस्कूल किंवा चिंचपाड्याचा १९४२ सालचा दवाखाना ही नावं तुम्ही ऐकली असतील. स्वातंत्र्यानंतर नव्या मिशनऱ्यांना व्हिसा मिळणं अवघड होत गेलं. १९५६ मध्ये शेजारच्या मध्य प्रदेशात मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करणाऱ्या नियोगी समितीचा अहवाल आला आणि संशय आणखी वाढला. तरुण माणसं येईनाशी झाली, जुनीच राहिली. तुम्हाला सगळी ‘वयस्कर’च का आठवतात, त्याचं कारण हे.

आता आठवडा. रविवार सगळ्यांना वाटतो त्याहून सोपा असायचा. सकाळी शब्बाथ शाळा, म्हणजे बायबलचा वर्ग, मग उपासना. पण उपदेश आमचे पाळकसाहेब करायचे, तेही इथल्याच गावीत समाजाचे. साहेब तिसऱ्या-चौथ्या बाकावर बसून रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं मोठ्या आवाजात आणि बऱ्यापैकी बेसूर गायचे. महिन्यातून एखाद्या वेळी त्यांना व्यासपीठावर बोलावलं जाई, तेव्हा लोक मान देऊन ऐकत आणि मुलं पेंगत.

खरा आठवडा सोमवारी सुरू व्हायचा आणि तो हिशोबाचा असायचा. प्रचारकांचे, शिक्षकांचे, बायकांना बायबल शिकवणाऱ्या ‘बायबल बायां’चे पगार, बोर्डिंगच्या पोरांसाठी ज्वारी आणि तूरडाळ, दवाखान्याचं रॉकेल, मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, छपराची कौलं. साहेब ऑफिसच्या टेबलाशी कपाळाला हात लावून बसलेले मला अजून दिसतात. मायदेशातल्या मंडळ्या वर्गणी पाठवायच्या आणि पैन्‌पैचा जाब तिकडे द्यावा लागे. १९७६ मध्ये परदेशी देणग्यांचा कायदा आला, मग इकडे सरकारलाही द्यावा लागू लागला. त्यात परदेशी नागरिक म्हणून नोंदणीची कामं. नंदुरबार जिल्हा झाला १९९८ मध्ये. तोवर जिल्ह्याचं कुठलंही काम निघालं की धुळे गाठायचं. आज साहेब नाहीत तर उद्या या, असं ऐकून परत यायचं. ‘मी या देशात निम्मा वेळ बाकावर बसून काढला’ असं ते हसत म्हणायचे. अतिशयोक्ती होती, पण फार नाही.

हिशोबाखालोखाल वेळ जीपमध्ये जायचा. चालवण्यात कमी, तिच्याखाली उताणं पडून जास्त. तळोदा-अक्कलकुव्याकडे निघालं की स्प्रिंग तुटणार हे धरूनच चालायचं आणि तिथून वर सातपुड्यात पायीच. विहिरीचा पंप, दवाखान्याचं जनरेटर, सायक्लोस्टाइलचं मशीन, जे बिघडेल ते साहेबांच्या पुढ्यात. लोकांना वाटायचं गोऱ्या माणसाला यंत्रातलं उपजत कळतं. त्यांना ते इथेच शिकावं लागलं होतं, आमच्या गल्लीतल्या एका मुसलमान मेकॅनिककडून.

मग प्रचार कोण करायचं? आमचीच माणसं. मावची आणि भिल्ल आदिवासी प्रचारक, खांद्यावर पिशवी, पायात टायरच्या चपला, पाड्यापाड्यावर चालत. बोली त्यांची, नातीगोती त्यांची. कुणाच्या घरात आजार आहे, कुणाची दारू सुटत नाही, हे त्यांनाच ठाऊक. थंडीत दौरे निघत तेव्हा साहेब-बाई तंबू घेऊन जात, फ्लॅनेलच्या फळ्यावर चित्रं चिकटवून गोष्टी सांगत, पोरांची ही गर्दी उसळे. पण तंबू उठल्यावर त्या गावात पुन्हा पुन्हा जायचे ते प्रचारक. मिशनऱ्यांवर लिहिणारे, कौतुकाने लिहोत की रागाने, या माणसांना हटकून विसरतात. दोन्हीकडच्यांना गोरा साहेबच मध्यभागी लागतो.

बाईंचा आठवडा मात्र साहेबांपेक्षा भरगच्च असायचा. सकाळी सातपासून बंगल्याच्या व्हरांड्यात माणसं बसलेली. कुणाचं गळू, कुणाची सून माहेरी निघून गेलेली, कुणाला सुरतच्या मुलाला पत्र लिहायचंय, कुणी नुसतंच आलंय. बाई नर्स नव्हत्या, पण आयोडीन आणि गाजची पेटी त्यांच्या हाताशी असे. जास्त असेल तर चिठ्ठी देऊन माझ्या वडिलांकडे. मग बोर्डिंगच्या मुलींची फेरी: डोक्यातल्या उवा, शिवण, कोठारातलं धान्य मोजणं. आठवड्यातून एकदा महिला सभा, आणि ती झाल्यावर घरभेटी. साहेबांची मराठी व्याकरणाला चोख आणि कानाला पुस्तकी. बाईंनी बायांमध्ये बसून अहिराणी उचललेली. ‘काय चाली राह्यनं व माय?’ असं त्या म्हणाल्या की बाजारातल्या बाया भाजी निवडायची सोडून हसायच्या. बाजाराच्या दिवशी त्या स्वतः जात आणि भावात घासाघीसही करत. मिरचीच्या हंगामात नंदुरबारच्या मिरच्या वाळवायच्या पथाऱ्यांवरून वारा आला की सगळं गाव खोकतं. त्या इतकी वर्षं खोकूनही वांग्याच्या भरितात आमच्याइतकीच हिरवी मिरची घालायच्या. साहेबांना मात्र शेवटपर्यंत पाव लागायचा. तो शनिवारी घरीच भाजला जाई. कॉफी डोंगरातल्या सुट्टीहून येताना वर्षभराची आणलेली असे आणि दुपारी तीनला ती झाल्याशिवाय बंगल्यात कुणाला काही विचारायची सोय नसे.

संध्याकाळचे एक-दोन तास पत्रांचे. निळे एअरोग्राम, दोन्ही बाजूंनी बारीक अक्षरात भरलेले. मुलांना, भावंडांना, आणि वर्गणी देणाऱ्या मंडळ्यांना. ही पत्रं म्हणजे हौस नव्हती, कामाचाच भाग होता. पत्र थांबलं की तिकडचा पैसाही आटे. त्यांत काय लिहायचे ते मला थोडं माहीत आहे, कारण गावांची नावं मला विचारायचे. दुष्काळाच्या साली सुकडी आणि दूधपावडर वाटण्यातच दिवस संपायचा, तेव्हा मात्र पत्रं मागे पडली. रांगेत कोण कुठल्या धर्माचा हे कुणी विचारत नव्हतं. त्या दोन वर्षांत मी त्यांना धर्मावर बोलताना फारसं ऐकलं नाही.

आता न आवडणारंही सांगतो. बंगल्याचं छत वीस फुटी, आमच्या क्वार्टरचे पत्रे हाताला लागायचे. आम्ही पोरं व्हरांड्यापर्यंत; आत बोलावलं तर नाताळात. बाई जीव लावायच्या हे खरं, आणि आचाऱ्याच्या पगारावर माझ्या आईने एकदा काढलेला विषय त्यांनी हळूच बदलला हेही खरं. साहेबांना लोकांनी निर्णय घ्यावेत असं मनापासून वाटे, फक्त किल्ल्या द्यायची वेळ आली की हात अडायचा. शेवटच्या दोन-तीन वर्षांत तेच मोठं काम होतं: जमिनीचे कागद, ट्रस्टच्या सह्या, दवाखान्याची समिती, बोर्डिंगचा कारभार. आठवड्यातून दोन-दोन सभा व्हायच्या आणि आमचीच माणसं एकमेकांशी इतकी भांडायची की साहेब मधेच उठून जीपखाली जाऊन पडायचे. जाताना सामान चार ट्रंकांत मावलं. बाकीचं बंगल्यातच राहिलं आणि त्यावरूनही पुढे भांडणं झाली.

तुम्ही यावर लिहिणार असाल तर सुरत-भुसावळ लाइनीवरची पॅसेंजर पकडा आणि चिंचपाडा-नवापूरच्या बाजूला उतरून जुन्या प्रचारकांची घरं विचारा. साहेबांचे कागद परदेशात गेले. प्रचारकांच्या डायऱ्या, जिथे शिल्लक आहेत तिथे, नातवंडांच्या ट्रंकेत आहेत. डायरी मागण्याआधी चहा घ्या आणि घाई करू नका. अनोळखी माणसाच्या हाती पहिल्याच भेटीत कुणी देणार नाही.