झिओलाइट पाणी, गॅस आणि सॉल्व्हंटची वाफ नेमकी कशी पकडतं? स्पंजसारखं शोषतं का?

नाही, स्पंजसारखं नाही. झिओलाइट म्हणजे सिलिकॉन, अ‍ॅल्युमिनियम आणि ऑक्सिजनची जाळी, आत सगळीकडे सारख्या मापाची भोकं. सिलिकॉनच्या जागी अ‍ॅल्युमिनियम आलं की जाळीवर निगेटिव्ह चार्ज येतो, तो बॅलन्स करायला आत सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियमचे आयन बसलेले असतात आणि खरी ओढ या आयनांची असते. पाण्याचा रेणू पोलर (एका टोकाला थोडा प्लस, दुसऱ्याला थोडा मायनस), म्हणून तो सगळ्यात आधी आणि सगळ्यात घट्ट चिकटतो. झिओलाइटचे सुके मणी तळहातावर घेऊन थोडं पाणी टाकून बघा, लगेच गरम लागतात, ती चिकटताना बाहेर पडणारी उष्णता.

दुसरी गोष्ट भोकाचं माप. ३ए टाइपच्या झिओलाइटचं भोक साधारण ३ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग), पाणी आत जातं पण इथेनॉल मोठं म्हणून बाहेरच राहतं, त्यामुळे डिस्टिलेशनने ९५-९६ टक्क्यांवर अडकलेलं इथेनॉल याने पूर्ण सुकवता येतं. मला यातलं हेच सगळ्यात भारी वाटतं.

ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरमध्ये (हवेतून ऑक्सिजन वेगळा करणाऱ्या मशीनमध्ये) मात्र मापाचा फारसा संबंध नाही, नायट्रोजन आयनांकडे जास्त ओढला जातो म्हणून अडकतो आणि ऑक्सिजन पुढे जातो.

टोल्युइनसारख्या सॉल्व्हंटच्या वाफांसाठी १३एक्स टाइपचं झिओलाइट चालतं कारण भोकं मोठी, पण हवा दमट असेल तर पाणीच सगळी जागा खातं, मग जास्त सिलिका असलेलं, पाणी नकोसं असलेलं झिओलाइट घ्यायचं.

झिओलाइट भरलं की २००-३०० डिग्री सेल्सियसला तापवा किंवा प्रेशर कमी करा, परत वापरता येतं.