डोंबिवलीत एकट्या माणसाला रोजचं परवडणारं जेवण कुठे मिळेल?

तुम्ही लिहिलंय की बीडहून नोकरीसाठी नुकतेच डोंबिवली पूर्वेला राहायला आलात, खोलीत गॅस नाही, दुपारचं जेवण ठाण्याला ऑफिसात होतं, पण नाश्ता, रात्रीचं जेवण आणि रविवार मिळून महिन्याला आठ-नऊ हजार उडतायत. साडेचार हजारांत भागेल का, असं विचारलंय. भागतं. मी २००६ साली बार्शीहून असाच आलो होतो आणि पहिली चार वर्षं टिळकनगरात कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतली नुसती एक खाट भाड्याने घेऊन काढली. आता घर-संसार इथेच आहे, तरी आठवड्यातून दोन-तीनदा पोळ्या विकतच आणतो. त्यामुळे जे सांगतोय ते रोजच्या जाण्या-येण्यातलं आहे.

सुरुवातीला मी जी चूक केली ती बहुतेक तुम्हीही करत असाल. मी मोठ्या रस्त्यांवर शोधत होतो. फडके रोड, मानपाडा रोड, चार रस्ता, जिथे पाट्या दिसतात तिथे. पण तिथली हॉटेलं रविवारी बायकामुलांना घेऊन बाहेर जेवायला निघालेल्या कुटुंबासाठी आहेत. जागेचं भाडं जबर, ते ताटातूनच वसूल होणार. शिवाय तिथे येणारा माणूस महिन्यातून एकदा येतो, त्याला भाजीत तेलाचा तवंग चालतो. जिथे तोच माणूस रोज संध्याकाळी येतो, तिथे असं करून चालत नाही. तेल-तिखट जास्त झालं की आठ दिवसांत पोट बोलतं आणि नवव्या दिवशी तो दुसरीकडे जातो. म्हणून एकच गोष्ट बघा: इथे लोक रोज येतात का? रोज येणारा माणूस ओळखायला सोपा असतो. तो फळ्यावरचे दर वाचत नाही, आणि त्याला काय हवं ते आतल्या बाईला माहीत असतं.

डोंबिवलीत अशी जागा म्हणजे पोळी-भाजी केंद्र. हे नोकरदारांचं गाव. नवरा-बायको दोघंही सकाळच्या लोकलने जाणार आणि रात्री आठ-नऊला उतरणार, मग पोळ्या कोण लाटणार? त्या गरजेतून ही दुकानं गल्लोगल्ली उभी राहिली. रामनगर, टिळकनगर, गोपाळनगर, पेंडसेनगर, कुठल्याही आतल्या रस्त्याने पंधरा मिनिटं चाललात तर दोन-तीन तरी दिसतील. पाट्या छोट्या असतात, काही ठिकाणी तर इमारतीच्या जिन्याखालची नुसती खिडकी असते. पोळी, फुलका, दोन सुक्या भाज्या, एक उसळ, वरण किंवा आमटी, भात, एखादी कोशिंबीर. मंगळवारी आणि संकष्टीला साबुदाण्याची खिचडी.

संध्याकाळी सात वाजता अशा एखाद्या केंद्रासमोर पाच मिनिटं उभे राहा. आमच्या कोपऱ्यावरच्या केंद्रात दोघीजणी समोरासमोर बसून लाटतात, तिसरी मोठ्या तव्यावर एका वेळी चार पोळ्या टाकते, कापडाच्या बोळ्याने दाबून फुगवते. चौथी तेलाचं बोट फिरवून घडी घालते आणि पाच-पाचच्या चळती मांडते. गरम पोळी चळतीत गेली की तिची वाफ खालच्या पोळीला लागते, म्हणून त्या प्रत्येक चळतीखाली सुती फडकं घालतात. जिथे हे फडकं स्वच्छ पांढरं दिसतं तिथे बाकीचंही नीट असतं, हा माझा इतक्या वर्षांचा ठोकताळा आहे. पोळ्या वर्तमानपत्रात गुंडाळून देत असतील तर घेऊ नका, छपाईची शाई गरम पोळीला लागते. स्वतःचं फडकं किंवा डबा न्या.

डबा नेण्यात आणखी एक फायदा आहे. भाजीची पाकिटं आधीच भरून ठेवलेली असतात, त्यात मोजून जेवढी तेवढीच. स्टीलचा डबा पुढे केलात की पळीने वाढतात, आणि पळीने वाढणाऱ्या बाईचा हात सहसा आखडता नसतो. शिवाय पाकिटातली भाजी दुपारची असू शकते, पातेल्यातली समोर दिसते. दोन पुडांचा डबा घ्या, एकात भाजी, एकात आमटी. पोळ्या फडक्यात.

आता वेळेचं. ही केंद्रं सकाळी अकरा ते दीड आणि संध्याकाळी साडेसहा ते साडेनऊ अशी साधारण चालतात, पण नऊनंतर पोळ्या संपलेल्या असतात. तुमची गाडी उशिरा आली की उपाशी राहण्यापेक्षा मावशींचा नंबर घेऊन ठेवा. मी ठाणं सुटलं की फोन करायचो, "मावशी, चार पोळ्या आणि जी असेल ती भाजी ठेवा." डोंबिवली येईपर्यंत माझ्या नावाची चळत बाजूला काढलेली असायची. पहिले पंधरा दिवस असं कोणी करत नाही. रोज जात राहिलात, सुटे पैसे दिलेत, आणि सांगितलेल्या पोळ्या न चुकता उचलल्यात की करतात. एकदा सांगून गेला नाहीत तर त्यांच्या चार पोळ्या वाया जातात, हे मनात ठेवा.

हिशेब मांडतो. दर आमच्या भागातले, तुमच्याकडे दोन-पाच रुपये इकडे-तिकडे. चार पोळ्या ३६ रुपये, एक भाजी ४०, आमटी किंवा वरण २५, म्हणजे रात्रीचं जेवण शंभरच्या आसपास. असे २६ दिवस धरले तर २,६०० रुपये. सकाळचा नाश्ता ३० रुपये, त्याचे ७८०. रविवारी दोन्ही वेळचे मिळून अडीचशे, चार रविवारांचे १,००० झाले. एकूण ४,३८०. महिन्यात दोन-तीनदा आमटीऐवजी घरी दही आणून खाल्लंत तर यातूनही थोडे वाचतील.

नाश्त्यासाठी स्टेशनच्या आसपास कांदेपोहे-उपमावाले आहेतच, पण मला विचाराल तर सकाळी गल्लीत सायकलवर भोंगा वाजवत येणारा इडलीवाला सगळ्यात बरा. मागच्या कॅरिअरला मोठं पातेलं, त्यात वाफाळत्या इडल्या, हँडलला चटणी-सांबाराचे डबे. वाफवलेलं असल्याने सकाळी पोटाला हलकं. वडापावबद्दल एवढंच सांगतो की संध्याकाळी भूक मारायला ठीक आहे, जेवण म्हणून धरू नका. मी पहिले तीन महिने रात्री दोन वडापाव खाऊन झोपत होतो आणि त्याची किंमत पुढे वर्षभर पित्ताच्या गोळ्यांनी दिली.

महिन्याची खाणावळ किंवा मेस लावावी का, हेही तुम्ही विचारलंय. लावू शकता, पण नीट विचारून. दोन वर्षं मी एका खाणावळीत जेवलो आणि अतिशय चांगलं जेवलो. त्याआधी एका मेसमध्ये पूर्ण महिन्याचे पैसे आगाऊ भरले होते. अकराव्या दिवशी गेलो तर दाराला कुलूप, फोन बंद. माझ्यासारखी आणखी सात-आठ मुलं दारात उभी होती, त्यातल्या एकाकडे पुढच्या पगारापर्यंत फक्त दीडशे रुपये उरले होते. आम्ही बाकीच्यांनी त्याला आळीपाळीने जेवायला घातलं. म्हणून पैसे आठवड्याचे द्या, फार तर पंधरा दिवसांचे. कूपनचं पुस्तक मिळत असेल तर उत्तम, जितकी जेवणं तितकी कूपनं. आणि पहिल्याच दिवशी विचारा: खाडे कापणार का? गावी गेलात, ऑफिसात उशीर झाला, तर त्या दिवसाचे पैसे वळते होतात की नाही? बहुतेक ठिकाणी आदल्या दिवशी सांगितलं तर खाडा धरतात. रविवारी रात्री चूल बंद असते, ते मासिक दरात धरलंय का तेही विचारा.

खाणावळ म्हटलं की मला नेहमी गिरणगाव आठवतं. कोकणातून, घाटावरून एकटे आलेले गिरणी कामगार लालबाग-परळच्या चाळींत ज्या बायकांकडे महिन्याच्या खात्यावर जेवायचे, त्या बायकांच्याच घामावर गिरण्या चालायच्या असं म्हटलं तरी चालेल. कामगार पगार झाल्यावर पैसे देणार, तोवर किराणा उधारीवर आणि सावकाराच्या व्याजावर. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभारून या बायकांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं आणि सावकाराच्या हातातून सोडवलं. आज डोंबिवलीत पोळ्या लाटणाऱ्या बायका मला त्यांच्याच पुढच्या पिढीतल्या वाटतात. म्हणून पन्नास-शंभर रुपयांची उधारीही त्यांच्याकडे फार दिवस ठेवू नका. त्यांना पीठवाल्याचे पैसे रोखच द्यावे लागतात.

रविवारचं. दुपारी मांसाहार करत असाल तर शहराच्या कडेला जा. डोंबिवली वाढली ती आगरी गावांच्या जमिनीवर, आणि भोपर, सोनारपाडा, गोळवली, निळजे ही गावं अजून तिथेच आहेत. कल्याण-शीळ रस्त्याच्या बाजूने आगरी पद्धतीची जेवणघरं आहेत, त्यातली घरच्या माणसांनी चालवलेली छोटी जागा शोधा. तांदळाची भाकरी, सुकं चिकन किंवा सुका जवळा, रस्सा. बीडच्या माणसाला तांदळाची भाकरी पहिल्यांदा पिठूळ वाटेल. रश्श्यात बुडवून खा, मग कळेल ती तशी मऊ का करतात. मासे खायचे असतील तर मालवणी खाणावळीत बांगड्याची थाळी सुरमईपेक्षा बरीच स्वस्त पडते आणि चवीला कुठेच कमी नाही. फक्त जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा दर चढतात आणि बर्फातला मासा येतो. ते दोन महिने अंड्याची करी खाल्लेली बरी.

ऑफिसला सुट्टी आणि कारखाने चालू अशा दिवशी दुपारी साडेबाराच्या सुमारास एमआयडीसीत जाऊन बघा. कामगारांसाठी चालणाऱ्या छोट्या खाणावळींत भात-वरण पोटभर वाढतात, कारण समोरचा माणूस सकाळपासून उभ्याने राबलेला असतो. दोन वाजेपर्यंत सगळं आटपतं.

महिनाअखेर अगदीच हात आखडला तर शिवभोजन थाळी आहे, त्यात कमीपणा मानू नका. २६ जानेवारी २०२० ला राज्य सरकारने ही योजना सुरू केली. १० रुपयांत दोन चपात्या, एक वाटी भाजी, एक वाटी वरण, एक मूद भात. शहरात एका थाळीचा खर्च ५० रुपये धरलेला आहे, त्यातले ४० सरकार केंद्रचालकाला देतं. म्हणजे तुम्ही कोणाच्या ताटातलं ओढून घेत नाही. हे फक्त दुपारी मिळतं आणि थाळ्या ठरावीक असतात, तेव्हा लवकर जा. जवळचं केंद्र चालू आहे का ते आदल्या दिवशी रिक्षा स्टँडवर विचारा, रिक्षावाल्यांना नक्की माहीत असतं. खरं तर कुठल्याही स्वस्त जेवणाबद्दल रिक्षावाल्यांना विचारा. ते दिवसातून दोनदा बाहेर जेवतात आणि चुकीच्या जागी पैसे घालवणं त्यांना परवडत नाही.

बसून जेवलात तर बिलाकडे एकदा नजर टाका. सेवा शुल्क म्हणून वर काही लावलं असेल तर ते देणं बंधनकारक नाही, काढायला सांगा. अन्न परवान्याचा १४ आकडी क्रमांक भिंतीवर असायला हवा. तो आहे म्हणून जेवण चांगलंच असेल असं नाही, पण नसेल तर मी तिथे रोज जेवणार नाही. अ‍ॅपवरून मागवणं आजारपणासाठी राखून ठेवा. तोच पदार्थ तिथे बऱ्याचदा चढ्या दराने असतो, वर पोचवण्याचे पैसे वेगळे.

आणि भाकरीबद्दल. तुम्ही शेवटी लिहिलंय की ज्वारीची भाकरी खाल्ल्याला दीड महिना झाला. ते वाचून मला माझे पहिले दिवस आठवले, म्हणूनच एवढं लिहीत बसलो. इथे मिळते. पोळी-भाजी केंद्रांत बहुतेक ठिकाणी भाकरी फळ्यावर नसते, पण मराठवाडा-सोलापूरकडची एखादी बाई कामाला असते, ती थापून देते. पीठ आधीपासून मळून ठेवता येत नाही, म्हणून आदल्या दिवशी सांगा आणि किती वाजता येणार ती नक्की वेळ द्या. दोन भाकरी आणि पिठलं इथे होईल, शेंगदाण्याची चटणी मात्र बीडहून येताना घेऊन या, ती इथे तशी मिळत नाही.