आठवीतला मुलगा विचारतोय, धर्मामुळेच माणसं बॉम्ब फोडतात का?

न्यू जर्सीहून एका ताईंनी लिहिलंय. मुलगा आठवीत आहे, शाळेत 9/11 शिकवून झालं आणि त्याच आठवड्यात साताऱ्याच्या आजोबांनी व्हिडिओ कॉलवर त्याला सांगितलं की मुसलमानांच्या धर्मातच हिंसा आहे, त्यांच्यापासून लांबच राहा. मुलाचा सगळ्यात जवळचा मित्र लाहोरहून आलेल्या घरातला. आता हा त्याच्याकडे जायचं टाळतोय आणि आईला विचारतोय की धर्मामुळेच माणसं बॉम्ब फोडतात का. ताई म्हणतात, सासऱ्यांना दुखवायचं नाहीये आणि मुलाला खोटंही सांगायचं नाहीये, काय करू?

ताई, "असं बोलू नये" म्हणून विषय बंद करू नका, तो यूट्यूबवर शोधेलच आणि तिथे भेटणारा माणूस तुमच्यापेक्षा फार ठामपणे बोलत असेल. त्याला सगळं सांगा, फक्त तारखा घालून सांगा, म्हणजे कशानंतर काय झालं ते त्याचं त्यालाच दिसेल.

डिसेंबर 1979 मध्ये सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात घुसल्या. अमेरिकेला रशियाची तिथे दमछाक करायची होती, पाकिस्तानात लष्करशहा झिया उल हक यांना आपलं महत्त्व वाढवायचं होतं, मग सीआयए या अमेरिकी गुप्तचर संस्थेचा पैसा आणि शस्त्रं पाकिस्तानच्या आयएसआय या गुप्तचर संस्थेच्या हातून सोव्हिएत फौजांशी लढणाऱ्या मुजाहिदीनकडे जायला लागली, सौदीनेही बरोबरीने पैसा ओतला, आणि आयएसआयने त्यातला मोठा वाटा सगळ्यात कडव्या गटांना दिला कारण ते त्यांच्या सोयीचे होते. 1986 पासून तर खांद्यावरून डागायची स्टिंगर मिसाइल्स मिळायला लागली. आणि एक गोष्ट मुलाला आवर्जून सांगा, कारण ती त्याच्या वयाच्या मुलांची आहे. त्या काळात अमेरिकी सरकारच्या पैशातून नेब्रास्का विद्यापीठाच्या ओमाहातल्या केंद्राच्या मदतीने अफगाण मुलांसाठी शाळेची पुस्तकं तयार झाली, त्यात जिहादचे धडे होते आणि बंदुका, गोळ्या, रणगाडे यांची चित्रं होती. म्हणजे लहान मुलं आकडे शिकत होती ते गोळ्या मोजून. हे वाचलं तेव्हा मला कितीतरी वेळ दुसरं काही सुचलं नाही.

15 फेब्रुवारी 1989 ला सोव्हिएत सैन्य निघून गेलं, वॉशिंग्टनचा रस संपला, आणि शस्त्रं, प्रशिक्षण, ती पुस्तकं शिकलेली पोरं सगळं तिथेच राहिलं. ज्या लष्कर-ए-तैयबाने 2008 मध्ये आपल्या सीएसटीवर माणसं मारली तिची मुळंही त्याच युद्धात आहेत.

इथे मुलगा विचारेलच, मग चूक अमेरिकेची का? इथे तुम्हाला नीट उभं राहायचंय. कारण समजून घेणं वेगळं आणि माफ करणं वेगळं. सीएसटीवर गोळ्या झाडल्या त्याचा दोष झाडणाऱ्यांचा आणि त्यांना कराचीहून पाठवणाऱ्यांचा, त्यात काडीचीही सूट नाही. धर्माचा काही संबंधच नव्हता असंही सांगू नका, भरती धर्माच्याच नावाने झाली हे खरं आहे. पण त्याच मुंबईत मरीन लाइन्सच्या बडा कब्रस्तानाने त्या नऊ मेलेल्या अतिरेक्यांना जागा द्यायला साफ नकार दिला, प्रेतं वर्षभर शवागारात पडून होती, हेही त्याच गोष्टीत सांगा. मरणाऱ्यांमध्ये मुसलमानही होते.

ब्रिटनमधल्या घरांसाठीही सांगते, तुमच्या मुलांना 7 जुलै 2005 शिकवतात, लंडनमध्ये 52 जण गेले आणि हल्लेखोर चौघांपैकी तिघं लीड्स भागात वाढलेले. एमआय-5 या ब्रिटिश गुप्तचर संस्थेच्या माजी प्रमुखांनीच 2010 मध्ये इराक युद्धाच्या चौकशी समितीपुढे सांगितलं की इराक युद्धामुळे तरुण मुलं कट्टर होण्याला जोर मिळाला. सरकारच्या सुरक्षा खात्याची बाई हे बोलते तेव्हा ते अतिरेक्यांची बाजू घेणं नसतं, एवढं मुलांना नक्की कळतं.

आता आजोबा. मुलासमोर त्यांच्याशी वाद घालू नका, नवऱ्याला सांगा की वेगळा फोन करून बोल. साताऱ्याकडचे आहेत ना, मग 1948 बद्दल विचारा. 30 जानेवारीला नथुराम गोडसेने गांधीजींना मारलं आणि नंतर पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर भागात ब्राह्मणांची घरं जाळली गेली, ज्यांनी गोडसेचं तोंडही पाहिलं नव्हतं त्यांची. तुमची जात कुठलीही असो, त्या भागातल्या घरांत ही जाळपोळ कोणीतरी पाहिलेली किंवा वाडवडिलांकडून ऐकलेली असतेच. एका माणसाच्या कृत्यासाठी अख्ख्या जातीला धरलं तर काय होतं हे आजोबांना कोणी परदेशातून शिकवायची गरज नाहीये, त्यांनीच ते नातवाला सांगावं अशी विनंती करा. आजोबांकडून आलेली ही गोष्ट तुमच्या शंभर लेक्चरपेक्षा जास्त आत जाईल.

आणि "आपण थोडेच मुसलमान आहोत" असं म्हणून निर्धास्त राहणाऱ्या सगळ्या घरांना माझं कळकळीचं सांगणं आहे. 22 फेब्रुवारी 2017 ला अमेरिकेत कॅन्ससमधल्या ओलेथा शहरात एका बारमध्ये एकाने हैदराबादच्या 32 वर्षांच्या इंजिनियरला आणि त्याच्या भारतीय मित्राला गोळ्या घातल्या, इंजिनियर गेला, "माझ्या देशातून चालता हो" ओरडत. मारणाऱ्याने नंतर सांगितलं की आपण दोन इराणी मारले. इराणी का? 1951 मध्ये इराणने तेल राष्ट्रीय केलं, 1953 मध्ये सीआयए आणि ब्रिटिशांनी तिथले पंतप्रधान मोसादेघ यांचं सरकार पाडलं, पुढे 1979 ची क्रांती, 52 अमेरिकी 444 दिवस ओलीस, आणि त्यातून साठत गेलेला राग एका तेलुगू मुलाच्या छातीवर आला. त्याला वाचवायला मध्ये पडलेला एक अमेरिकन तरुणही जखमी झाला, मुलाला त्याच्याबद्दलही सांगा. अशा वेळी "आम्ही ते नाही" म्हणून उपयोग नसतो, शिवाय ते म्हणताना आपण शेजाऱ्याकडे बोट दाखवत असतो.

फॅमिली ग्रुपवर काही आलं की पुढे ढकलण्याआधी थांबा. 2022 मध्ये इंग्लंडमधल्या लेस्टरला भारत-पाक क्रिकेट मॅचनंतर हिंदू-मुस्लिम पोरं रस्त्यावर आली, त्यात मुलगी पळवायचा प्रयत्न झाल्याची एक अफवा फिरली, पोलिसांनी ती खोटी ठरवली, तोपर्यंत वातावरण पेटलं होतं.

मित्राबद्दल मात्र वाट पाहू नका, याच शनिवारी त्याच्या आईला तुम्हीच फोन करा आणि दोघांना जेवायला बोलवा. तुमच्या मुलाला आधी सांगून ठेवा की त्याला पाकिस्तानबद्दल प्रश्न विचारायचे नाहीत, तो काही कोणाचा वकील नाहीये. आणि शाळेत त्याला किंवा तुमच्या मुलाला कोणी टेररिस्ट म्हणालं तर तोंडी तक्रारीवर सोडू नका, तारीख, वर्ग, नेमके शब्द लिहून प्रिन्सिपलना मेल करा, आणि शक्य असेल तर मेल दोन्ही घरांनी मिळून पाठवा.