दोन झाडं गेली म्हणून छंद सोडू नका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : हौसेनं आणलेली दोन्ही झाडं महिन्याभरात गेली, कामामुळे वेळ मिळत नाही, मग बागकामातून माणसाला नेमकं मिळतं तरी काय? पंधराएक वर्षं मातीत हात घालून जे कळलं ते लिहितो.

आधी गेलेल्या झाडांबद्दल. रोज न चुकता पाणी घालत होतो, असं तुम्ही म्हणता. बहुतेक तिथेच घात झाला. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. माती सतत चिंब राहिली की कणांमधल्या पोकळ्या पाण्यानं भरतात, मुळं गुदमरून कुजतात. मुळंच कुजल्यावर पाणी वर चढत नाही, म्हणून पानं मलूल होतात. आपल्याला वाटतं झाड तहानलंय, आणि आपण आणखी ओततो. पहिल्या वर्षी माझीही बरीच रोपं अशीच गेली, तेव्हा फार वाईट वाटलं होतं. शेतकऱ्यांचा यासाठी नेमका शब्द आहे, वाफसा : ओल आहे आणि हवाही आहे, अशी माती. कुंडीत बोटाचं एक पेर खुपसून बघा. आत गार-ओलसर लागलं तर त्या दिवशी झारी उचलायचीच नाही.

आणि माझ्या मते या छंदाचं खरं देणं इथेच आहे. बोट घालून बघायची सवय लागते. घाईनं चालणारं मन पाच मिनिटं एका पानावर थांबतं. खालची जुनी पानं पिवळी पडताहेत की वरची कोवळी, हे दिसायला लागतं. जुनी पडत असतील तर बऱ्याचदा नत्र, म्हणजे नायट्रोजन, कमी पडलेलं असतं, कारण झाड जुन्या पानांतलं नत्र काढून नव्या पानांना देतं. कोवळी पानं पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या, तर लोह मिळत नसण्याची शक्यता जास्त. कोवळ्या शेंड्यावर मावा, म्हणजे रस शोषणारे बारीक किडे, दिसला म्हणून लगेच फवारणी करू नका. आठवडाभर रोज बघा. ढालकिड्याची (इंग्रजीत लेडीबर्ड) काळपट, काटेरी अळी आली तर ती मावा खात सुटते. पहिल्यांदा ही अळी दिसली तेव्हा मी तिलाच कीड समजलो होतो.

ताण कमी होतो का, असंही तुम्ही विचारलंय. होतो. नेदरलँड्समधला, २०११ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मला पटतो. बागकाम करणाऱ्या ३० जणांना आधी ताण येईल असं काम दिलं, मग काहींना अर्धा तास बागेत काम आणि बाकीच्यांना घरात वाचन. कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाशी निगडित संप्रेरक, दोन्ही गटांत उतरलं, पण बागेतल्यांचं जास्त. माणसं थोडी आहेत हे खरं, पण संध्याकाळी खुरपं हातात घेतल्यावर माझा खांदा सैल होतो, तो अनुभव याच्याशी जुळतो. उठबस, वाकणं, माती उकरणं यानं शरीरही हलतं, ते वेगळं सांगायला नको.

वेळेचं म्हणाल तर दोन-तीन कुंड्यांना रोज दहा मिनिटं पुरतात. जास्त कुंड्या सुरुवातीला घेऊच नका.

आता पुन्हा सुरुवात करायची तर तयार रोप आणू नका, घेवड्याचे चार दाणे पेरा. तळाला भोकं असलेली कुंडी घ्या, दाणा दोन-तीन सेंटिमीटर खोल टाका, एकदा नीट पाणी द्या आणि ऊबदार जागी ठेवा. साधारण आठवड्याभरात माती तडकते. त्या भेगेतून आधी पान येत नाही, येते ती देठाची वाकलेली मान. ती कमानीसारखी माती उचलते आणि मिटलेली दोन जाड दलं, म्हणजे दाण्याचेच दोन अर्धे भाग, मागून ओढून घेते, म्हणजे कोवळा शेंडा मातीला घासत नाही. उजेड लागला की मान हळूहळू सरळ होते. दलांवर अडकलेलं बियाचं साल काढायचा मोह होईल, पण हात लावू नका, बहुतेकदा ते आपोआप गळतं. त्या दिवशी सकाळी आणि संध्याकाळी, दोन्ही वेळा जाऊन बघा. फरक डोळ्यांना दिसतो.