कोठीला सरकारी पाटी लागली, पुढे काय? वाचकांचे प्रश्न

प्रश्न : बडोद्याहून पादरा गावाकडे जाणाऱ्या रस्त्याला आमची पणजोबांच्या वेळची कोठी, म्हणजे जुना मोठा बंगला आहे, मागे विहीर, आमराई. आता चहूबाजूंनी प्लॉट पडताहेत. कोठीला कायद्याचं संरक्षण मिळवायचं तर कुठे जायचं? (दांडिया बाजार)

दारं तीन आहेत. पहिलं भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचं, म्हणजे १९५८च्या केंद्रीय कायद्याचं. वास्तू किमान १०० वर्षं जुनी आणि शिवाय राष्ट्रीय महत्त्वाची हवी. शंभरी पुष्कळ कोठ्यांनी गाठलेली असते, अडतं ते दुसऱ्या अटीवर. रावपुऱ्यातला तांबेकर वाडा या यादीत आहे. त्याच्या भिंतींवरची चित्रं एकदा पाहून या, म्हणजे ही अट किती वरची आहे ते कळेल. दुसरं दार राज्याच्या पुरातत्त्व खात्याचं, गुजरातच्या १९६५च्या कायद्याचं. तिसरं महापालिका किंवा वुडाच्या (बडोदा शहरी विकास प्राधिकरणाच्या) बांधकाम नियमांमधल्या वारसा-तरतुदींचं. इंटॅक या वारसा जपणाऱ्या बिगरसरकारी संस्थेच्या यादीत नाव आलं म्हणून पुष्कळजण निर्धास्त होतात. त्या यादीला कायद्याचं बळ नाही, पण पुरावा म्हणून ती उपयोगी पडते.

तुमच्यासाठी मी राज्याचं दार सुचवेन. मात्र अर्जाआधी कागद जमवा: मोजमापांसह नकाशे, प्रत्येक खोलीचे तारखेसकट फोटो, सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड, आणि कोठी कुणी, कधी, कशासाठी बांधली याचा आधार. गायकवाडीची मोडी दफ्तरं बडोद्याच्या अभिलेखागारात आहेत. मोडी वाचणारं माणूस सोबत न्या. ‘आमच्या आजी सांगायच्या’ एवढ्यावर फाइल पुढे सरकत नाही.

आणि एक गोष्ट आधीच सांगतो. संरक्षित म्हणून जाहीर झाल्याने कोठी पाडणं थांबतं, गळणारं छप्पर थांबत नाही. महाराजा खंडेराव गायकवाडांनी १८७०च्या सुमारास शहराबाहेर बांधलेला मकरपुरा राजवाडा आज हवाई दलाच्या प्रशिक्षणासाठी वापरात आहे, आणि उभा आहे. गायकवाडांचाच नजरबाग पॅलेस मात्र पाडला गेला. तेव्हा कोठीत उद्या कोण राहणार, काय चालणार, याचं उत्तर अर्जाच्या आधी घरात शोधा. राज्याने २०२०मध्ये हेरिटेज पर्यटन धोरण आणलं होतं. १ जानेवारी १९५० पूर्वीच्या वास्तूंत हॉटेल, संग्रहालय, भोजनालय करणाऱ्यांना त्यात मदतीची तरतूद होती. ते २०२५पर्यंतचं होतं, म्हणून सध्या काय लागू आहे ते पर्यटन खात्यात विचारून घ्या.

प्रश्न : केंद्राचं संरक्षण घेतलं तर घर सरकारजमा होतं, असं आमचे काका म्हणतात. आणि पाच वारसांपैकी दोघांना विकायचंय. त्यांना अडवता येईल का? (सयाजीगंज)

काकांची भीती निम्मी खरी आहे. नुसत्या जाहीर होण्याने मालकी जात नाही. सरकार आधी दोन महिन्यांची नोटीस काढतं, ती वास्तूजवळ लावतात. त्या मुदतीत कुणीही हितसंबंधी हरकत घेऊ शकतो, तुमचे काकासुद्धा. पुढे मालकाशी देखभालीचा करार होऊ शकतो. त्यात पाडणं, बदलणं यांवर बंधन, लोकांना पाहायला येऊ देणं, विकायचं झाल्यास सरकारला आधी कळवणं अशा अटी घालता येतात. तीन वर्षं झाली की सहा महिन्यांची लेखी सूचना देऊन कुठलाही पक्ष करारातून बाहेर पडू शकतो. घर सांभाळायला पालक म्हणून पुरातत्त्व खात्याकडे सोपवलं तरी मालकी तुमचीच राहते. निम्मी खरी म्हटलं ते अशासाठी की वास्तू नष्ट होण्याची भीती असेल तर सक्तीने संपादन करण्याचा अधिकार कायद्यात आहे.

विक्रीचं वेगळं. संरक्षित वास्तू विकता येते, बंधनं नव्या मालकाच्या गळ्यात पडतात, एवढंच. त्या दोघांना अडवायला वास्तू-संरक्षणाचा कायदा हे चुकीचं हत्यार आहे. अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घरातला हिस्सा परक्याने घेतला तरी मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ४४प्रमाणे त्याला तुमच्यासोबत घरात घुसण्याचा हक्क मिळत नाही. त्याने वाटणीचा दावा लावला, तर १८९३च्या वाटणी कायद्याच्या कलम ४खाली कुटुंबातला हिस्सेदार कोर्टाने ठरवलेल्या किमतीला तो हिस्सा घेऊ शकतो. हे वकिलाकडून नीट समजून घ्या. त्याआधी वारसाईची नोंद करा. मी पाहिलेल्या जुन्या घरांपैकी बरीच बिल्डरने नाही, अर्धवट नोंदींनी आणि भावाभावांतल्या अबोल्याने पाडली आहेत.

प्रश्न : केंद्रीय संरक्षित वास्तूपासून साधारण ८० मीटरवर आमचं १९७८चं घर आहे. मुलासाठी वर एक मजला चढवायचाय. (रावपुरा)

नाही चढवता येणार. संरक्षित हद्दीपासून १०० मीटर प्रतिबंधित क्षेत्र आणि त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित. वर किंवा बाजूला वाढवणं कायद्याच्या लेखी नवं बांधकामच. १६ जून १९९२ पूर्वीच्या घराची दुरुस्ती करता येते, पण सक्षम अधिकाऱ्याची परवानगी घेऊन. ‘कोण बघतंय’ म्हणणाऱ्या कंत्राटदाराला सांगा की शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही अशी आहे. आणि पहिल्या प्रश्नातल्या वाचकांनीही हे वाचावं. केंद्राचं संरक्षण शेजाऱ्यांच्या गच्चीपर्यंत पोहोचतं, म्हणून आधी त्यांच्याकडे चहाला जाऊन या.

प्रश्न : ऑगस्ट २०२४च्या पुरात विश्वामित्रीचं पाणी आमच्या जुन्या घरात शिरलं. तळमजल्याच्या भिंतींना अजून ओल आहे. गवंडी सिमेंट प्लास्टर सुचवतो. (सलाटवाडा)

करू नका. चुन्यात बांधलेली विटांची भिंत ओल बाहेर सोडते. वर सिमेंट चढलं की ओल आतच कोंडते, क्षार वर चढतात आणि दोन-तीन पावसाळ्यांत प्लास्टर विटेचा पापुद्रा घेऊनच सुटतं. सुटलेलं प्लास्टर खरवडा, भिंत उघडी ठेवून पूर्ण वाळू द्या, मग चुन्याचाच गिलावा करा. चुन्यात काम करणारा गवंडी मिळायला वेळ लागेल, पण थांबा. सागवानी खांबांची तळं टोचून पाहा. सुई सहज आत गेली तर तेवढाच भाग कापून नवं लाकूड जोडता येतं, पूर्ण खांब बदलायची गरज नाही. घर संरक्षित असेल तर यातलं काहीही परवानगीआधी सुरू करू नका.

प्रश्न : पुतण्या आजोबांची तलवार आणि एक सचित्र पोथी अमेरिकेला नेतो म्हणतो.

पुरावस्तूंबाबतच्या १९७२च्या केंद्रीय कायद्यात १०० वर्षांवरची कलावस्तू आणि ७५ वर्षांवरचं ऐतिहासिक किंवा कलात्मक मोलाचं हस्तलिखित पुरावस्तू ठरतं, आणि ती खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. पोथीची नोंदणी करायला हवी का तेही पुरातत्त्व खात्यात विचारा. पुतण्याला उत्तम फोटो काढून द्या.